कुलूप-पाटी : एका जिनिंगच्या ऑफ सीझनच्या नोंदी

६ मे २०२४

कापसाच्या शेवटच्या गाठी एप्रिलमध्येच गेल्या. आजपासून मेंटेनन्स. २४ डबल रोलर जिन (कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं), प्री-क्लीनर, दोन सक्शन फॅन, सरकी पुढे ढकलणारा स्क्रू, एलिव्हेटर आणि गाठीचा प्रेस. काम दरवर्षीचंच: रोलरचे चामड्याचे वायसर (वॉशर) बदलायचे, चर पाडायचे, पट्ट्यांना धार लावायची, बेअरिंग बघायचे. यंदा एक काम वाढवलंय: कुलूप-पाटी. म्हणजे मशीनमध्ये हात घालण्याआधी तिची वीज तोडायची आणि त्या खटक्याला आपलं कुलूप आणि पाटी लावायची. ते का वाढवलं हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर पेरण्या होईपर्यंत मीच विसरेन.

जानेवारीत रात्रपाळीला सरकीचा स्क्रू तुंबला. हा स्क्रू जिनांच्या रांगेखाली नालीत आहे, वर लोखंडी झाकणं. पॅनलवाल्याने स्टॉप दाबला, हेल्पर झाकण काढून नालीत उतरला आणि हाताने सरकी उपसू लागला. तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर आपोआप उठला. उजेड झाला तसा पॅनलवाल्याने सवयीने एकेक बटण दाबत लाईन उठवायला घेतली. पॅनलपाशी उभं राहिलं की नाली दिसत नाही. स्क्रू जेमतेम अर्धा फेरा फिरला आणि तुंबलेला असल्यामुळे ओव्हरलोडवर ट्रिप झाला. पोराच्या खांद्यावरचा गमछा आत ओढला गेला, पोरगं वाचलं. म्हणजे ज्या तुंब्यासाठी तो खाली उतरला होता त्याच तुंब्याने त्याला वाचवलं. नाली मोकळी झाली असती तर काय झालं असतं ते इथे लिहीत नाही.

पॅनलवाल्याला दोन दिवस घरी बसवलं होतं. तेव्हा मी काही बोललो नाही, पण ते चूकच झालं. खाली माणूस आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तरी रात्री अडीचला, लाईट गेल्याच्या गडबडीत, त्याच्या ध्यानात राहिलंच असतं याची खात्री कोण देणार? त्याने आपलं काम केलं. त्यामुळे यंदाचं काम एवढंच: खाली उतरलेल्या माणसाचा जीव वरच्या माणसाच्या आठवणीवर ठेवायचा नाही.

९ मे

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नाही. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर काम.

मिस्त्रीमामांबरोबर पूर्ण लाईन फिरलो. वही घेऊन प्रत्येक मशीनपाशी एकच प्रश्न: हिला ताकद कुठून कुठून मिळते? मामा पहिल्या अर्ध्या तासात वैतागले. "सायब, तीस वर्सं झाली मला. मेन पाडायचा, फ्यूज काढून खिशात टाकायचा, काम करायचं. हाय काय त्याच्यात?"

खरं म्हणजे मामांची ही पद्धत चांगलीच आहे. फ्यूजचा किटकॅट (फ्यूजची तार बसवलेला काढता तुकडा) खिशात म्हणजे मशीन माझ्या खिशात. कुलूप-पाटीचं मूळ तत्त्व हेच. अडचण एवढीच की खिसा एकाचा असतो आणि कामाला माणसं तीन. शिवाय मोकळ्या जागी तार गुंडाळून 'तात्पुरतं' चालू करणारा शहाणा प्रत्येक गावात एक असतोच. मामांना विचारलं, असं कधी झालंय का? थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "झालंय की. मानवतला असताना. पर तवा मी चहाला गेल्तो."

त्यानंतर वैतागले नाहीत. उलट लाईनमनचं उदाहरण त्यांनीच दिलं. लाईनमन सबस्टेशनमधून परमिट घेतल्याशिवाय पोलवर चढत नाही, आणि परमिट त्यानेच परत केल्याशिवाय लाईन चालू होत नाही. मग आपला फिटर नुसत्या हाकेवर कसा उतरतो?

१४ मे

यादी झाली. माझा अंदाज होता 'मेन बंद म्हणजे सगळं बंद'. तो कुठे कुठे चुकला ते लिहितो.

जनरेटर. महावितरणचा पुरवठा गेला की पॅनल स्वतःच जनरेटर उठवतं. म्हणजे आमच्याकडे लाईट गेल्यावर मशीन सुरक्षित होत नाही, उलट तोच सगळ्यात वाईट क्षण. साध्या स्टार्टरची कॉईल लाईट गेली की सुटते, आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. पण प्री-क्लीनरला बटण नाही, फिरवायचा सिलेक्टर स्विच आहे. तो 'चालू'वर राहिला असेल तर वीज आली की मशीन उठलं, कोणी हात लावायची गरज नाही. सिलेक्टर काढून बटणं बसवायची, हे वायरमनला आजच सांगितलं.

कपॅसिटर पॅनल. मेन पाडला तरी कपॅसिटरमध्ये काही वेळ भार राहतो. थांबायचं आणि मीटर लावून बघायचं. मीटर आधी चालू जागी लावून बघायचा, मग बंद जागी, मग पुन्हा चालू जागी. मीटरच मेलेला असेल तर तो सगळीकडे शून्यच दाखवतो. टेस्टरचा दिवा उन्हात दिसत नाही, त्यामुळे टेस्टरवर भरवसा नाही. तिन्ही फेज बघायच्या, एकच बघून मोकळं व्हायचं नाही.

सक्शन फॅन. दोन फॅनचा डक्ट पुढे एक होतो. एक बंद करून दुसरा चालू ठेवला की बंद फॅनची पाती उलटी फिरत राहतात. वीज नाही, मोटर मेलेली, तरी पातं फिरतंय. हे मामांना माहीत होतं, मला नव्हतं. दोन्ही बंद करायचे आणि पात्यात लाकडी ठोकळा.

प्रेस. पंप बंद केला तरी हायड्रॉलिकच्या पाईपमध्ये दाब असतो आणि वर उचललेला भाग स्वतःच्या वजनानेही खाली येऊ शकतो. दाब सोडायचा, गेज शून्यावर आलंय का ते बघायचं, आणि खाली आधार लावल्याशिवाय पेटीत डोकं घालायचं नाही. १७० किलोची गाठ दाबणारं यंत्र आहे, ते डोक्यात आणि कापसात फरक करत नाही.

एलिव्हेटर. भरलेल्या बादल्यांच्या वजनाने पट्टा उलटा फिरतो. आधी रिकामा करायचा.

लाल मशरूमचं इमर्जन्सी बटण म्हणजे बंद, असं निम्म्या लोकांना वाटतं. ते बटण फक्त कंट्रोलची तार तोडतं. मोटरला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेले असतील तर पुढे वीज जातच राहते. बरं, फिरवलं की ते बटण सुटतंही. काम करायचं तर आयसोलेटरच, म्हणजे मशीनची वीजच तोडणारा खटका, पाडायचा.

२१ मे

शेठजींकडे बसलो. त्यांचा पहिला प्रश्न: "कुलपं? चोर मशीन नेणार आहे का?"

कायदा काढून दाखवला. कारखाने अधिनियम १९४८, कलम २४: वीज तोडणारा जो खटका चुकून 'बंद'वरून 'चालू'वर सरकू शकतो, त्याला बंद स्थितीत कुलूप लावायची सोय हवी. म्हणजे अमेरिकेने १९८९ मध्ये कुलूप-पाटीचा वेगळा नियम केला त्याच्या कितीतरी आधीपासून हा विचार आपल्या कायद्यात होता, वाचला कोणी नाही. कलम २२ पण दाखवलं. चालू यंत्रसामग्रीची तपासणी करावीच लागली तर ती प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच करायची, त्याचं नाव रजिस्टरला हवं, अंगावर घट्ट कपडे हवेत आणि ते कपडे मालकाने द्यायचे. गमछ्याचा विषय तिथे आपोआप निघाला. बायकांनी चालू शाफ्ट-पट्ट्याची साफसफाई करायची नाही, हेही त्याच कलमात. आमच्याकडे कवडी (खराब कापूस) वेचणाऱ्या बाया जाता जाता झाडू मारतात, पदर खोचलेला असतो म्हणून कोणी बघत नाही. ते बंद.

शेठजी कलमांनी हलले नाहीत, जानेवारीच्या गमछ्याने हलले. तो गमछा मी जपून ठेवला होता, टेबलावर ठेवला. "घ्या काय लागतं ते," एवढंच बोलले.

२७ मे

मोंढ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातून १२ कुलपं आणली. ऑफिसात बसून सगळ्या किल्ल्या सगळ्या कुलपांना लावून बघितल्या. दोन कुलपं दुसऱ्याच्या किल्लीने उघडली! घराला चालेल, इथे नाही. परत केली. लाल सेफ्टी कुलपं छत्रपती संभाजीनगरहून मागवली. प्रत्येकाला एकच किल्ली, दुसरी किल्ली कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. मुनीमजींना हे पटेना, "एक तरी ऑफिसात ठेवा." ठेवली की संपलं. ऑफिसात किल्ली आहे म्हटल्यावर रात्री कोणीतरी घेणारच.

सोबत सहा भोकांचे हॅस्प, म्हणजे एका खटक्यावर अनेक कुलपं लावायच्या कड्या. तिघं काम करत असतील तर तिघांची तीन कुलपं एकाच खटक्यावर. तिसरं निघेपर्यंत खटका हलत नाही.

४ जून

आज लोकसभेच्या निकालाचा दिवस, कुणाचंही कामात लक्ष नाही. पाट्यांचा मजकूर तेवढा पक्का केला. माझा पहिला मसुदा: "देखभाल कार्य प्रगतीपथावर, यंत्र कार्यान्वित करू नये." हेल्परने वाचून विचारलं, "म्हंजे?" बदलला: "माणूस आत आहे. चालू करू नका." खाली तेच हिंदीत, कारण फीडरवरची (मशीनला कापूस घालणारी) बरीच पोरं मध्य प्रदेशची. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी माणसाचा फोटो, ज्याचं कुलूप त्याचाच. फोटो काढताना सगळे कंगवा शोधत होते.

१२ जून

पाऊस पडून गेल्यावर शेडमध्ये माणसासारखं वाटतंय.

पहिली रीतसर चाचणी ७ नंबरच्या जिनवर. क्रम असा: सगळ्यांना सांगायचं, बंद करायचं, आयसोलेटर पाडायचा, कुलूप-पाटी, साठलेला जोर सोडायचा, आणि मग स्टार्ट दाबून बघायचं. वायरमनला शेवटची पायरी फालतू वाटली. "कुलूप लावलंय की साहेब, आता काय चालू व्हायलंय?"

दाबलं. ७ नंबर झटक्यात चालू.

कोणी काहीच बोललं नाही. मग मामांनी स्वतःच स्टॉप दाबला. शोधल्यावर सापडलं ते असं: पूर्वी कधीतरी पॅनलमध्ये केबल बदलताना ७ आणि ८ ची अदलाबदल झाली. जिनांच्या स्टार्टरची बटणं त्या त्या जिनवरच आहेत, त्यामुळे रोजच्या चालवण्यात कुणाला कळायचं कारणच नाही. पॅनलच्या पाटीवर '७' लिहिलेलं, वीज जाते ८ ला. आम्ही अगदी मन लावून, कुलूप लावून, फोटोसह पाटी लटकवून ८ नंबर बंद केला होता. आणि हात घालणार होतो ७ मध्ये.

मी दिवसभर याच विचारात. कुलूप नसतं तर मामांनी सवयीने जपून काम केलं असतं. चुकीच्या जागी लावलेलं कुलूप माणसाला निर्धास्त करतं. म्हणून 'दाबून बघा' ही पायरी पाटीच्या मागे लाल अक्षरात घातली.

पुढचे तीन दिवस फक्त नंबर पडताळले. २४ पैकी हीच एक जोडी चुकलेली. शिवाय ग्राइंडरच्या बोर्डवर 'पंखा' लिहिलेलं.

१७ जुलै, आषाढी

स्क्रूच्या आयसोलेटरवर कुलूप क्र. ४. माणूस गायब. फोन लावला तर मागे टाळ-मृदंग. फिटर परवाच्या एसटीने पंढरपूरला.

"किल्ली कुठंय?"

"कुठं जाणार साहेब, करदोट्याला हाय."

दर्शनाच्या रांगेत उभा होता. किल्ली पंढरीत, कुलूप परभणी जिल्ह्यात, आणि आज स्क्रूची ट्रायल ठरलेली. शेठजी हसले, मला हसू येईना. कटर समोर होता. पण कुलूप कापायची पहिली सवय कशी लागते त्यावर पुढचं सगळं ठरतं.

शेवटी असं केलं. मी, मामा आणि वायरमन तिघांनी नाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅटरी घेऊन बघितली. फिटरशी पुन्हा बोलून तो आत नाही, त्याचं काम संपलंय आणि झाकणं बसवलीत हे त्याच्याच तोंडून ऐकलं. रजिस्टरला तिघांच्या सह्या. मग कुलूप कापलं. आणि शेवटचं, जे सगळ्यात सहज राहून जातं: तो परत कामावर आला की मशीनला हात लावण्याआधी त्याला 'तुझं कुलूप काढलंय' हे सांगायचं. तो तर 'कुलूप आहे' याच समजुतीवर नालीत उतरेल.

तीन दिवसांनी आला. बुक्का लावला, प्रसादाचे चुरमुरे दिले आणि नवं कुलूप घेऊन गेला. नवा नियम: पाळी संपली की आपलं कुलूप काढून जायचं. काम अर्धं असेल तर आधी पुढच्याने आपलं लावायचं, मगच पहिल्याने काढायचं.

५ ऑगस्ट

ज्याला कुलपाचा उपयोगच नाही असं एक काम आहे. पट्टी आणि रोलरचं अंतर बसवताना रोलर हाताने फिरवावा लागतो. वीज बंद, कुलूप लावलेलं, सगळं रीतसर. पण एक जण पलीकडून रोलर फिरवतो आणि दुसऱ्याची बोटं पट्टीपाशी. हलणारी पट्टी रोलरच्या हालचालीशी बांधलेली, त्यामुळे थोडा फेरा दिला तरी ती खालीवर होते. मामांच्या उजव्या हाताचं मधलं बोट नखापासून तिरकं आहे, ते असंच झालेलं. विचारलं तेव्हा म्हणाले, "मशीन बंद व्हती. फिरवणारा माझा सख्खा भाऊ व्हता."

यावर उपाय कुलपाचा नाही, बोलण्याचा. बोटं ज्याची, हुकूम त्याचा. तो "फिरव" म्हणाला तरच फिरवायचं, आणि फिरवणाऱ्याने आधी "फिरवतो" म्हणायचं. "हं", "चल", "होऊ दे" चालणार नाही. मामा आणि त्यांचा हेल्पर आज दिवसभर एकमेकांना "फिरव", "फिरवतो" करत होते, बाकीचे नक्कल करत होते. करू देत.

२ सप्टेंबर, पोळा

कालपासून पावसाने जिल्हा धुऊन काढलाय. खांदेमळणीही भिजतच झाली म्हणे. कामावर चौघंच. नालीत गुडघाभर पाणी.

उपसायचा पंप चालेना, जाळी तुंबली असणार. हेल्परने स्क्रूला आपलं कुलूप लावलं, दाबून बघितलं, सगळं बरोबर केलं आणि शिडीवर पाय ठेवला. लाईट नव्हती. तेवढ्यात लाईट आली आणि पंप आपोआप गुरगुरला.

पंपाला ऑटो लावलेला! शेतातल्या मोटरला लावतात तोच. रात्रीच्या पाळीत थ्री-फेज आली की उठून जायला नको म्हणून प्रत्येक विहिरीवर ऑटो असतो. आमच्या वायरमनने तोच शहाणपणा इथे केला, चांगल्या हेतूने. वर पंपाची वीज मेन पॅनलमधून नाही, दिव्यांच्या बोर्डातून. माझ्या १४ मेच्या यादीत हा पंप नाहीच. मी मशीनं मोजली, पंपाला मशीन धरलंच नाही. दोष माझा.

ऑटो काढला, पंपाला वेगळा खटका आणि अर्थ लीकेज ट्रिप (वीज गळली की पुरवठा तोडणारा). पाण्यात उतरणाऱ्याचं कुलूप आता दोन ठिकाणी: स्क्रूला एक, पंपाला एक. यादी पुन्हा पहिल्यापासून, या वेळी मशीन न मोजता तारा मोजत. कूलर, ग्राइंडर, ऑफिसामागची बोअर, सगळं आलं. नैवेद्याची पुरणपोळी मामांनी डब्यात आणली होती, पण जेवायला चार वाजले.

१२ ऑक्टोबर, दसरा

मशीनपूजा. झेंडूच्या माळा. हौशी पोरांनी पॅनलच्या हँडललाही माळ घातली, ती काढायला लावली कारण पाटी झाकली जात होती. शेठजींनी मुहूर्ताचं बटण दाबण्याआधी भोंगा दिला, अर्धा मिनिट थांबले, हॅस्पवर कुलूप नाही हे बघितलं. मी सांगितलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

सीझन लागून काही दिवस झाले. काल रात्रीची नोंद रजिस्टरमधून जशीच्या तशी:

२.४० स्क्रू तुंबला. २.४३ आयसोलेटर बंद, कुलूप ४ व ११, पंपाला ११-अ. २.४५ स्टार्ट दाबून पाहिला, चालू नाही. २.४६ खाली उतरलो. २.५५ लाईट गेली, जनरेटर उठला. ३.०४ वर आलो, माणसं मोजली, दोन. ३.०६ कुलपं काढली. ३.०७ भोंगा, चालू.

सकाळी शेठजींनी विचारलं, सत्तावीस मिनिटं कशाला लागली, पूर्वी पंधरात व्हायचं. मी २.५५ च्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ त्यांनी वाचली, मग वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुलूप ११ जानेवारीतल्या पोराचं आहे.

राहिलेलं: प्रेसवर ठेकेदाराची टोळी आहे, त्यांच्याकडे अजून स्वतःची कुलपं नाहीत. फिटरचं कुलूप मागून वापरतात, तेही माझ्या माघारी. सहा नवीन मागवलीत, सोमवारी येतील. तोपर्यंत प्रेसचं काम दिवसाच, आणि मी तिथे उभा असेन तेव्हाच.